मॅचच्या दिवसाचं मौन

“काकू, बॉलकडे नोका पाहू. बॉल फसवते. आमच्या पायाकडे पाहा, मंग समजते खेळ.”

अश्वजितनं मला हे सांगितलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि मी चाळिशीला टेकलेली. तोवर बास्केटबॉल म्हणजे माझ्या प्रफुलचे मळलेले कपडे आणि तुटलेल्या नाड्यांचे बूट, एवढीच मला ओळख होती. त्या दिवसापासून मी पाय पाहू लागले आणि खेळ कळू लागला. मग असा कळला की सहा वर्षं दुसरं काही गोडच लागलं नाही.

धाम क्रीडा मंडळ, सिंदी मेघे. आज हे नाव कुणाला सांगितलं तर कुणी मान वर करत नाही. त्या संघाचं कौतुक करायला मी बसले आहे. पण एक गोष्ट मी नऊ वर्षं कुणाला सांगितली नाही, आणि ती न सांगता त्या पोरांचं नाव घेणंसुद्धा मला शोभत नाही.

मैदान आमच्या किराणा दुकानाला लागून होतं. ब्याण्णव साली पोरांनीच गिट्टी वाहिली, सिमेंट कालवलं. दोन टोकांचे लोखंडी खांब आमच्या ह्यांनी, महादेवरावांनी, उभे करवले. हे मंडळाचे अध्यक्ष होते. दर दिवाळीला स्वतः ब्रश घेऊन खांबांना निळा रंग द्यायचे. बनियनही निळेच. त्यांवर पांढऱ्या कापडाचे आकडे मी शिवलेले. प्रफुलचा सात, निकेशचा चार, अश्वजितचा अकरा.

निकेश बुटका, पण बॉल त्याच्या हाताला चिकटल्यासारखा जायचा. प्रफुल डाव्या हातानं असा काही वळून बॉल टाकायचा की समोरचा उजवीकडेच पाहत राहायचा. आणि अश्वजित! बोर्डावर आपटून परत आलेला बॉल त्याच्याशिवाय कुणाला मिळायचाच नाही. तो उडायचा तेव्हा बाजूला बसलेली त्याची आई तानाबाई डोळे मिटून घ्यायची आणि मला विचारायची, “उतरला का वो?”

“उतरला.”

“नीट?”

“नीट.” मगच ती डोळे उघडायची.

तानाबाई आणि बापूराव आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मूळचे वडनेरचे. सामन्याआधी मी देवाला हात जोडले की ती हसायची. “तुमीच मागून घ्या बाई. आमचे बुद्ध काई मागून देत नाईत. ते म्हणतात, तूच कर.”

माझी नेमधर्माची सवय सगळ्यांना ठाऊक होती. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, त्याशिवाय चहा नाही. त्र्याण्णवच्या पौषात हिंगणघाटला पहिली मोठी मॅच झाली, त्या दिवशी नेमकं माझं अमावास्येचं मौन होतं. पोरं जिंकली. दुसऱ्या मॅचला मी हौसेनं मौन धरलं, पुन्हा जिंकली. मग पोरांनी त्याचा कायदाच केला. निकेश दुकानासमोरून ओरडत जायचा, “काकू, तोंडाले कुलूप लावलं का? चाबी कोणापाशी हाय?”

पंच्याण्णवला यवतमाळला मी सोबत गेले. मैदानाशेजारी चहाच्या स्टोव्हकडे एक लहान पोरगी धावत निघाली, आणि माझ्या तोंडून गेलं, “अवं, सांभाळ!” ती मॅच आम्ही एका पॉइंटनं हरलो. परतीच्या एसटीत निकेश म्हणाला, “काकू, दोन शब्दात एक पॉइंट गेला. बरं झालं, भजन नाई म्हटलं.” सगळी गाडी हसली. प्रफुल मात्र हसला नाही. घरी येऊन मला म्हणाला, “आई, मॅचच्या दिवशी तू काईच नको बोलत जाऊ. मले खरंच भेव वाटते.”

मी हातात पाणी घेऊन देवापुढे संकल्प सोडला. ही पोरं खेळतील तोवर मॅचच्या दिवशी उठल्यापासून शेवटची शिट्टी होईपर्यंत मौन. खूण चालेल, पण लिहून द्यायचं नाही. लिहिलेला शब्द बोललेल्या शब्दाएवढाच, असं मला माहेरी शिकवलेलं.

त्यानंतर तीन वर्षं घरच्या मैदानावर संघ हरला नाही. सत्त्याण्णवला नागपूरहून एक तगडा संघ आला होता. त्यांचे बूटच आमच्या पोरांच्या गणवेशाहून महाग. शेवटच्या मिनिटाला निकेशनं बॉल न पाहता मागे फेकला आणि प्रफुल तिथं होता. कसा होता ते मला अजून कळत नाही. पवनारपासूनची माणसं सायकली घेऊन आली होती, दुकानाच्या पत्र्यावर पोरं चढली होती. अश्वजितनं प्रफुलला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. दोन घरांतली पोरं एका ताटात जेवायची, हे त्या दिवसांत कुणाला वेगळं वाटत नव्हतं. कप आमच्या दुकानात, तेलाच्या पिंपांवरच्या फळीवर ठेवलेले असायचे.

मग नव्व्याण्णवचा जानेवारी. जिल्ह्याच्या स्पर्धेची फायनल आमच्या मैदानावर.

सकाळी मी मैदानाच्या कडेनं सडा टाकत गेले. पूर्वेच्या खांबाशी पाणी पडलं आणि निळ्या रंगाचा एक पापुद्रा सुटून आला. खाली लोखंड नव्हतंच, नुसता भुगा. खांब ज्या चार बोल्टांवर उभा होता त्यातल्या दोन बोल्टांचे नट जागेवर नव्हते. तिसऱ्याला मी बोट लावलं तर तो फिरला.

मी धावत घरात आले. हे फुलांच्या माळा मोजत होते. मी त्यांचा हात धरून दारात आणलं, खांबाकडे बोट दाखवलं, मग खालच्या जागेकडे, मग दोन्ही हात हलवले.

“काय म्हणून राह्यली?” हे म्हणाले. मी पुन्हा खुणा केल्या. ह्यांचा चेहरा उजळला. “हां, हां! खांबाची पूजा. बराबर हाय तुह्यं, फायनल हाय.” ते नारळ घेऊन गेले, खांबाला हळद-कुंकू लावलं, आणि त्याच बोल्टांशेजारी नारळ फोडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी दारात उभी होते. कोनाड्यात पाटी होती, पेन्सिल होती. तोंडात जीभ होती. मी स्वतःला समजावलं की सात वर्षं उभा आहे, दोन तास अजून उभा राहील. शिट्टी झाली की पहिलं तेच सांगू. खरं सांगायचं तर मला मौन मोडून फायनल हरण्याची भीती वाटली. प्रफुल मला काय म्हणेल याची भीती वाटली. खांबाची भीती त्यापुढे लहान वाटली.

मॅच आम्ही जिंकलो. छपन्न–त्रेपन्न. शिट्टी झाली आणि मैदानात माणसांचा लोंढा घुसला. प्रफुल पूर्वेच्या खांबाकडे धावला, रिंगला लटकायला. जिंकल्यावर सगळीच पोरं लटकायची.

“प्रफुल!” मी ओरडले. “प्रफुल, उतर!”

त्यानं रिंगला एका हातानं लटकून माझ्याकडे पाहिलं. निकेश किंचाळला, “काकू बोलली रे! काकू बोलली!” सगळ्यांना तो आनंदच वाटला. प्रफुलनं दुसरा हात मला हलवून दाखवला. अश्वजित खाली येऊन त्याचे पाय धरत होता, त्याला खांद्यावर घ्यायला.

खांब आवाज न करता झुकला. आवाज मागून आला.

प्रफुल बाजूला फेकला गेला, त्याला खरचटलंसुद्धा नाही. बोर्डाची चौकट अश्वजितच्या उजव्या पायावर पडली. तानाबाईनं त्या दिवशी डोळे मिटले नव्हते. जिंकल्यावर काय मिटायचे?

चौथ्या दिवशी दवाखान्यात अश्वजितचा पाय गुडघ्याखालून काढला.

त्याच दुपारी हे दुकान बंद करून घरात आले. पाटावर बसले. बराच वेळ नखं पाहत होते. मग म्हणाले, “अवं, त्या दिवशी सकाळी तू खांबाकडे काय दाखवून राह्यली होती?”

माझं मौन संपलेलं होतं. बोलायला कुणाची बंदी नव्हती. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खांब ह्यांनी उभे केलेले, रंग ह्यांच्या हातचा. मला वाटलं, हा माणूस आता खरं ऐकून उठणार नाही.

“नारळाचंच,” मी म्हणाले.

हे “हं” म्हणाले आणि उठून दुकान उघडायला गेले. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. आठवड्यानं स्पर्धेच्या समितीनं अहवाल केला. खेळाडूनं रिंगला लटकून हुल्लडबाजी केल्यामुळे अपघात, असं त्यात लिहिलं. अध्यक्ष म्हणून ह्यांनी सही केली. प्रफुलनं ती सही पाहिली. बोलण्यासारखं त्याच्याजवळ काय होतं? त्यालाही तेच खरं वाटत होतं.

संघ तिथंच संपला. काही दिवस गल्लीत अशाही गोष्टी निघाल्या ज्या आधी कधी निघाल्या नव्हत्या. अमक्या जातीच्या पोरानं तमक्या जातीच्या पोराचा पाय घेतला, अशा. निकेशनं दोन-तीनदा पोरं जमवायचा प्रयत्न केला, मग सोडला. बापूराव-तानाबाई अश्वजितला घेऊन वडनेरला परत गेले. तिथं तो टेलिफोनचा बूथ चालवतो असं कळलं. प्रफुल पुण्याला नोकरीला गेला. लग्न झालं, हर्षा झाली. दिवाळीला दोन दिवस यायचा, मैदानाच्या बाजूची खिडकी लावून घ्यायचा. पुढे मैदानावर प्लॉट पडले, ते मला बरंच वाटलं. एवढी मी कोडगी झाले होते.

मी नेम वाढवत गेले. सोमवार धरला, मग गुरुवार, मग चातुर्मासात एकवेळ. बायका माझ्याबद्दल म्हणायच्या, रुख्मिणीबाईंसारखी श्रद्धा कुणाची नाही. मी खाली मान घालून ऐकायची. देवापुढे मी रोज सगळं सांगत होते. देवाला ते आधीच ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांगत नव्हते.

यंदा श्रावणात हे गेले. तेराव्याला प्रफुल, सूनबाई आणि सात वर्षांची हर्षा घरी होती. चौदाव्या दिवशी हर्षा अंगणातल्या पेरूच्या फांदीला लटकून झोके घेत होती. प्रफुल बाहेर आला, तिला ओढून खाली घेतलं आणि अशी थोबाडीत मारली की पोर धड रडलीसुद्धा नाही.

“लटकाचं नाई! सांगतलं ना, लटकाचं नाई कुठंच!”

सून हर्षाला आत घेऊन गेली. प्रफुल आपल्याच हाताकडे पाहत पायरीवर बसला. मी शेजारी बसले आणि सांगितलं. सडा, पापुद्रा, नट, नारळ, ह्यांचा प्रश्न, माझं उत्तर. काही वगळलं नाही.

तो म्हणाला, “नऊ वर्षं, आई?”

“हो.”

“मी त्याच्या दारी नाई गेलो. त्याचे दोन फोन आले, मी उचलले नाई. मले वाटलं, शिव्या द्याले करून राह्यला असन.” त्याचा आवाज फुटला. “तू मले पाहत होती ना रोज? कशी पाहत होती?”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तो सरकून बसला.

“मले सांगून काय होते आता? बाबा गेले. अश्वजितले सांग. तुह्या तोंडानं. तानाबाईसमोर.”

“सांगीन.”

“हे ‘सांगीन’ देवाले नको सांगू. मले सांग.”

“तुले सांगतो, प्रफुल. जाईन. सांगीन.”

दुसऱ्या दिवशी तो निघाला. नमस्कार सुनेनं केला, हर्षानं केला. तो बॅगा रिक्षात ठेवत राहिला. रिक्षा वळेपर्यंत मी फाटकात होते. त्यानं मागे पाहिलं नाही.

आज सकाळी मी पोथी उघडली नाही. पांढरं लुगडं नेसले, पिशवीत पाण्याची बाटली टाकली. कुलूप लावताना शेजारच्या शकुंतलाबाई ओट्यावर आल्या.

“काऊन वो, इतक्या लवकर? महिना तरी होऊ द्या.”

“वडनेरले जाऊन येतो.”

“कोणाकडे?”

“तानाबाईकडे.”

त्यांनी आणखी काही विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. तानाबाई मला पाणी विचारेल, बसा म्हणेल, याचीच मला जास्त धास्ती आहे. अश्वजित काय म्हणेल ते मी मनात कितीदा मांडून पाहिलं, कुठलंच उत्तर माझ्या बाजूचं निघालं नाही, निघायला नकोच. फाटक लोटलं आणि हिंगणघाटवरून वडनेरला जाणाऱ्या गाडीसाठी स्टँडकडे चालू लागले.