वहिनींची चार काजं

टेलरच्या दुकानात इस्त्री मारणारे भाऊजी कुणाचीही टोपी उडवायचे, पण वहिनींच्या काजांना कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. पंचवीस वर्षं शेजारच्याच टेबलावर बसून कोटांची काजं हातानं करत होत्या.

दोन वर्षांपूर्वी संधिवातानं त्यांची बोटं धरली. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तरी सकाळी मूठ वळायची नाही, सुई हातात यायला अकरा वाजायचे. शेवटी मालकांनी काजांचं मशीन आणलं आणि सांगून टाकलं, शनिवारी अकराला वकीलबाई कोट न्यायला येतील. नऊपासून बसून तोवर चार काजं झाली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून काजं मशीनवर आणि वहिनींनी कपड्यांना चिठ्ठ्या लावायच्या.

बुधवारी वहिनी लसूण-सुंठ कढवलेलं तेल बोटांना चोळून कामावर आल्या आणि तोच हात वकीलबाईंच्या कोटाच्या अस्तराला लागला. चोरानं ठसे सोडावेत तसे पाच डाग, वर घमघमाट. मालक नाक वर करून दुकानभर फिरू लागले. मागची मोरी तुंबली असणार, असं भाऊजींनी सुतकी चेहऱ्यानं सांगितलं. मालक मोरी बघायला गेले तोवर भाऊजींनी डागांवर खडूची भुकटी टाकली, कागद ठेवला, इस्त्री फिरवली. तेल कागदात उतरलं.

वहिनी खजील होऊन उभ्या होत्या, हात नकळत त्या ऊन कापडावर टेकलेले. थोड्या वेळानं त्यांनी मूठ वळून बघितली.

"भाऊजी, बोटं सुटली हो."

"मग डॉक्टरची पाटी लावतो दाराला."

गुरुवारी भाऊजींनी चिंधीची पिशवी शिवून तिच्यात जाडं मीठ भरलं. इस्त्रीखाली ती तापवायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग वहिनींच्या हातात द्यायची. तेल आता फक्त घरी गेल्यावर.

शनिवारी नऊला शेक सुरू झाला. एक काज, शेक, दुसरं काज, शेक. मालक घड्याळासमोरच ठाण मांडून बसले. तिसऱ्याला अंगठा अडला. भाऊजींनी गिऱ्हाइकाची पँट बाजूला सारून पिशवी पुन्हा तापवली. पावणेअकराला चौथं झालं. भाऊजी मालकांकडे बघून मिशीत हसणार, एवढ्यात वहिनींनी ते काज उजेडात धरलं आणि कात्रीनं उसवायला घेतलं.

मालक म्हणाले, राहू द्या, कोण बघतंय.

"मी बघतेय ना," वहिनी म्हणाल्या.

अकराला वकीलबाई आल्या, तेव्हा काज निम्मंच होतं. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि सुईकडे बघत राहिल्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी वहिनींनी दोरा तोडला. बाईंनी कोट चढवला, बटण लावलं, काजावरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, घरी दोन कोट आहेत, त्यांची मशीनची काजं उसवून अशी करून मिळतील का?

मालकांनी छाती फुगवली. "मिळतील की. पण वेळ लागेल बाई. आमच्याकडे काजं हातची असतात."

भाऊजींच्या जिभेवर टोमणा आला होता. त्यांनी तो गिळला आणि पिशवी पुन्हा तापत ठेवली.