दोन थापा

पाकिटातून नाटकाचे दोन पास निघाले. शनिवार, दुपारी तीनचा प्रयोग, पाचवी रांग, आसन चौदा आणि पंधरा. पाठीमागे नाटकाच्या लेखिकाबाईंनी लिहिलं होतं, 'तुम्ही दोघांनी यायचंच.' त्या 'दोघांनी'कडे मी बराच वेळ बघत बसलो. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा परगावी असतो, रविवारी फोन करतो. दोघं म्हणावं असं माझ्या घरात आता चपलांच्या जोडाखेरीज काही नाही. बाईंना अर्थात मी आणि टापटीप म्हणायचं होतं.

मी कचऱ्याची गाडी चालवतो. टापटीप एकोणीस वर्षं माझ्याच गाडीच्या मागच्या फळीवर उभा राहून दारोदारचे डबे रिकामे करायचा. डेपोत मला रेडिओ म्हणतात, कारण मी बंद होत नाही. त्याला टापटीप म्हणतात, कारण तो रिकामा डबा जागेवर ठेवतानासुद्धा झाकणाची कडी भिंतीकडे करून ठेवायचा. कडी इकडे असली काय नि तिकडे असली काय, बिघडतं काय, असं मी एकदा विचारलं. "बिघडत काही नाही," म्हणाला. झालं बोलून. वर्षभरात तो जेवढं बोलायचा तेवढं मी सकाळी किल्ली फिरवायच्या आत उरकतो.

मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला शेवटपर्यंत अहो-जाहो. केबिनमधली माझ्या शेजारची सीट कायम रिकामी. ऊन असो, थंडी असो, हा मागेच. "पुढे ये की," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मागेच बरं आहे." माझी बायको गेली तेव्हाही तो सगळ्यांच्या मागे, दाराशी उभा होता. माणसं पांगल्यावर त्याने सगळे कप विसळून पालथे घातले आणि न सांगता निघून गेला. कपांचे कान एका दिशेला होते. त्या दिवशी मला रडू आलं ते ते कप बघून.

आमचं खरं बोलणं चालायचं गाडीच्या पत्र्यावर. चालत्या गाडीत एक थाप म्हणजे थांबा. गाडी उभी असताना मात्र दोन थापा लागतात. एक पाय फळीवर आला की पहिली, दुसरा आला की दुसरी. दुसरी थाप पडली की माणूस मागे नीट चढलाय, गाडी काढायची. मग ड्रायव्हर मागे बघत नाही. बघायचं कारणच उरत नाही.

हे एकदाच चुकलं आणि चुकलो मी. दुसऱ्याच वर्षी. खिडकीतून एका वॉचमनशी गप्पा हाणत होतो. पहिली थाप ऐकली, दुसरी पडलीच असेल असं धरून गाडी काढली. त्याचा एक पाय खाली होता. गुडघा फुटला, सात टाके पडले. साहेबांनी चौकशी केली तर हा म्हणतो, "माझाच पाय घसरला." माझी नोकरी राहिली. मी त्याला धड 'उपकार झाले' असंही म्हणालो नाही. उलट पुढे तोच किस्सा तिखटमीठ लावून लोकांना सांगत सुटलो. लेखिकाबाई तीन आठवडे त्या रिकाम्या सीटवर बसून, वही घेऊन आमच्याबरोबर फिरल्या, त्यांनाही सांगितला. त्या पोट धरून हसल्या होत्या.

मग नवी गाडी आली. तिला लोखंडी हात आहे, तो डबा उचलतो, उलटा करतो, परत ठेवतो. कडी कुठे येते ते त्याला माहीत नसतं. साहेबांनी विचारलं, "एकट्याला जमेल का?" मला कोणी जमेल का विचारलं की माझी जीभ माझ्या आधी धावते. "एकट्याला? साहेब, एका हाताने चालवीन आणि दुसऱ्या हाताने चहा पिईन." साहेब हसले, कागद पुढे केला, मी ऐटीत सही ठोकली. आठ दिवसांनी फलकावर यादी लागली. टापटीपची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, कचरा निवडायच्या शेडमध्ये. खाली कारण होतं, 'चालकाच्या अभिप्रायानुसार.' त्याने ते माझ्या शेजारी उभं राहून वाचलं.

शेवटच्या दिवशी त्याने जुन्या गाडीची फळी घासून धुतली, हातमोजे खिळ्याला अडकवले आणि गेला. एक शब्द नाही. आता ह्याचं गप्प राहणं रोजचंच. त्यामुळे तो रागावलाय की नेहमीसारखाच आहे हे मला कळेना, आणि विचारायची हिंमतही होईना. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा मी, 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द माझ्या घशातून बाहेर पडले नाहीत. त्याला चौदा महिने झाले. आता गाडीत मी आणि एक पडदा. पडद्यावर मागचा रस्ता दिसतो, त्यावर कोणी नसतं.

पंधरा नंबरचा पास त्याला पाठवायचा ठरवला. सोबत चिठ्ठी लिहायला बसलो. चार कागद फाडले. शेवटी लिहिलं, 'शनिवारी ये. रेडिओ.' बाकीचं शेजारी बसल्यावर सांगू, अंधारात तोंड दिसत नाही, असा माझा हिशेब होता.

शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी चाळीस मिनिटं आधीच जाऊन बसलो. पंधरा नंबरवर माझी पिशवी ठेवली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "कोणी आहे का इथे?" म्हटलं, "येतोय." पहिली घंटा झाली, दुसरी झाली. प्रत्येक वेळी मी दाराकडे मान वळवत होतो. तिसरी झाली आणि अंधार झाला. पिशवी तशीच.

नाटकाचं नाव 'ओला आणि सुका'. रंगमंचावर प्लायवूडची गाडी होती, आमच्या गाडीपेक्षा स्वच्छ. माझं काम करणारा नट जो बोलत सुटला तो थांबेना. मी इतका बोलतो? पाच मिनिटांत मलाच त्याला गप्प कर म्हणावंसं वाटलं. टापटीपचं काम करणारा हडकुळा नट एकेक डबा ठेवून कडी भिंतीकडे फिरवायचा आणि लोक हसायचे. मीही हसलो. हसता हसता कोपर मारायला हात शेजारी गेला आणि पिशवीला लागला. त्यानंतर मला हसू येईना. आमच्या एकोणीस वर्षांवर चारशे माणसं हसत होती आणि त्यात खरं ओळखणारा मी एकटा होतो.

मग तो प्रसंग आला. मला कल्पना होती. नटाने एक पाय फळीवर ठेवला, पत्र्यावर पहिली थाप मारली. पुढे ड्रायव्हर खिडकीतून कोणाशी तरी बोलतोय, खिदळतोय, हात स्टिअरिंगवर आणतोय. मी उठून उभा होतो ते मला ओरडल्यावर कळलं.

"थांब! त्याचा पाय खाली आहे!"

सभागृहात हशा फुटला. लोकांना वाटलं, हा नाटकातलाच माणूस. रंगमंचावरचा ड्रायव्हर हजरजबाबी, खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "बघा, ह्यांना तिथून दिसतंय, मला इथून दिसत नाही." आणखी हशा. मागच्या रांगांमधून टाळ्या पडत होत्या. पुढे तो हडकुळा नट पडला की नाही हे मी पाहिलं नाही. मी खाली बसलो आणि पिशवीला म्हणालो, "माझं चुकलं." पिशवीलाच म्हणालो.

नाटक संपलं तेव्हा मी सगळ्यात शेवटी उठलो. दारावरच्या बाई पासांचे तुकडे गोळा करत होत्या. माझ्याकडे बघून हसल्या.

"तुम्हीच ना ओरडलात? रोज ओरडा, नाटक चालेल." मग म्हणाल्या, "तुमच्या शेजारचे उशिरा आले होते. पंधरा नंबर."

"आला होता?"

"तिसऱ्या घंटेनंतर. म्हटलं, चला, बॅटरी दाखवते, सीटवर सोडते. तर म्हणाले, मागेच बरं आहे. इथे दाराशी उभे राहिले. जरा लंगडतात ना ते?"

"गेला कधी?"

"तुम्ही ओरडलात तोवर होते. सगळे हसले, ते नाही हसले. जरा वेळ तुमच्याकडे बघत राहिले. मग दारावर हात मारला आणि गेले. मला वाटलं, दार उघडा म्हणतायत. पण दार उघडंच होतं."

"हात मारला म्हणजे कसा? किती वेळा?"

बाईंनी हातातले तुकडे खिशात टाकले. "असा," म्हणाल्या आणि दाराच्या पत्र्यावर तळहात आपटला. जरा थांबून पुन्हा एकदा आपटला. "दोनदा."

त्या हशात मला ऐकू आलं नव्हतं. मी बाईंना म्हटलं, पुन्हा एकदा दाखवा. त्यांनी दाखवलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. पायऱ्यांवर अजून थोडी माणसं रेंगाळत होती, बसथांब्यावर काही उभी होती. त्यात तो असेल, कदाचित नसेल. चौदा महिने मी सगळीकडे मान वळवून बघत आलो होतो. आताही मान वळायला लागली होती. पिशवी खांद्याला लावली आणि सरळ चालू लागलो. दुसरी थाप पडल्यावर ड्रायव्हर मागे बघत नाही.