आठ नंबरची सून

बायको वर बॅग भरतेय आणि हा पठ्ठ्या खाली काउंटरमागे बसून कुठल्याशा गाणारणीचा नंबर शोधतोय, याला म्हणावं तरी काय? बाईंचं सकाळपासून सगळं म्हणून झालं होतं. ठोंब्या म्हणून झालं, दगड म्हणून झालं, तुला जन्माला घालण्यापेक्षा आणखी एक वॉशिंग मशीन घेतलं असतं तर बरं झालं असतं, हेही म्हणून झालं. पोराच्या कपाळावरची आठी हलली नाही.

"आई, जरा थांब गं," तो फोनमधून डोकं न काढता म्हणाला. "हिच्या मुलाखती बघितल्या मी. ही पण आठ नंबर. हिचा नवरा पाच, माझ्यासारखा. तो नट नाही का, देखणा? त्यांचंही मोडलं. आठ आणि पाच असले की असंच होतं. त्यात कुणाची चूक नसते."

"मोडलं तेव्हा तो रडला होता टीव्हीवर. मी पाहिलंय. तू एकदा तरी रड की मेल्या!"

"पाच नंबरची माणसं उशिरा रडतात."

बाईंनी हातातला शर्ट प्रेसच्या पाटावर आपटला, वरचं झाकण दाणकन खाली ओढलं आणि वाफेचा असा लोट सोडला की पोरगा दिसेनासा झाला. तेवढंच समाधान.

साऱ्या रस्त्याला ही लॉन्ड्री ठाऊक होती आणि लॉन्ड्रीपेक्षा बाई जास्त ठाऊक होत्या. शाळेत त्या जेमतेम पाटीपर्यंत पोचलेल्या. पण मोडक्या इस्त्रीवर सुरुवात करून त्यांनी पुढे दुकान आणि वर दोन खोल्या उभ्या केल्या होत्या, आणि कॉलरचा मळ सोडून जगात कुणापुढे मान वाकवली नव्हती. त्यांना एकुलता एक मुलगा. हुशार, मऊ स्वभावाचा, पण लहानपणापासून माणसांना बिचकणारा. गिऱ्हाईक हसलं तरी का हसलं याचा विचार करत बसणारा. अशा पोराला कुठूनसं ते नऊ नंबरांचं शास्त्र सापडलं, आणि बुडत्याला फळी मिळावी तसं त्याला झालं. जगातली सगळी माणसं म्हणे नऊ नंबरांत बसतात. एक नंबर शिस्तीचा, दोन नंबर दुसऱ्यासाठी झिजणारा, पाच नंबर लांब उभा राहून बघणारा, आठ नंबर भिडणारा, कुणाची कीव न खपवून घेणारा. पंचेचाळीस प्रश्नांची उत्तरं दिली की आपला नंबर निघतो.

मग काय! जेवताना टीव्ही लागला की पोराचा दरबार भरायचा. बातम्या देणारी बाई एक नंबर, फुटबॉलचा कप्तान तीन, ते हसरे मंत्री सात. खरं सांगायचं तर बाईंनाही तेव्हा मजा वाटायची. मालिकेतली ती जहाल सावकारीण आठ नंबर निघाली, आणि पोरगा म्हणाला, "आई, तू पण शंभर टक्के आठ, तुझी परीक्षासुद्धा घ्यायला नको," तेव्हा बाईंनी आठवडाभर मान ताठ करून गिऱ्हाइकांना झापलं होतं.

लग्नानंतर त्याने बायकोचाही नंबर काढला. तीही आठ निघाली. "म्हणजे तुमच्या दोघींचं वाजणार," तो म्हणाला. बाईंना ते पटलं. सून दिसायला गरीब गाय, पण आतून आपल्यासारखी पोलादी आहे तर! मग त्यांनी हातचं काही राखून बोलायचं सोडलं. सहन करेल की, आठ नंबर आहे.

मागच्या थंडीत सुनेचं पोटातलं पोर गेलं. पाचवा महिना होता. हॉस्पिटलातून आली त्या दिवशी ती दुकानामागच्या खोलीत, बॉयलरच्या उबेला, मळक्या चादरींच्या ढिगात तोंड खुपसून बसली. पोरगा दारापर्यंत गेला. उभा राहिला. मग त्याने हळूच, अगदी हळूच, आवाज न होऊ देता दार ओढून घेतलं.

"जा की आत," बाई म्हणाल्या होत्या.

"नको. आठ नंबरच्या माणसाला रडताना कुणी पाहिलेलं चालत नाही. तिचा मान राखायला हवा."

बोलताना त्याचे ओठ थरथरत होते, हे बाईंनी पाहिलं होतं. पण म्हणणं पटलं. त्यांनी ताट झाकून दाराशी ठेवलं आणि त्याही निघून आल्या. त्या दिवसापासून सून बोलायची कमी होत गेली, होत गेली, आणि आज तिने गाडी बोलावली होती. दूरच्या शहरात तिची थोरली बहीण होती. तिकडे जायचं ते परत न येण्यासाठी, असं तिने सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता सांगितलं. पोराने मान हलवली. "तुला मोकळीक हवी असणार," एवढंच म्हणाला.

वाफ विरली. पोरगा तिथेच होता, फोनही तिथेच होता. बाईंनी पदराला हात पुसले आणि गुडघे धरत जिना चढायला घेतला. उभ्या आयुष्यात त्या कुणाची मनधरणी करायला गेल्या नव्हत्या. ती कशी करतात हेही त्यांना माहीत नव्हतं.

सून पलंगावर बसून ब्लाउजांच्या घड्या घालत होती. चांगल्या घड्या होत्या, कोपऱ्याला कोपरा. बाईंनीच शिकवल्या होत्या.

"मी काय म्हणते," बाई दारातूनच म्हणाल्या, "तू कशाला जातेस? त्यालाच हाकलते. तू राहा. दुकान आपण दोघी बघू."

सुनेने वर पाहिलं. "मला तुमच्याबरोबर राहायचं नव्हतं हो आई. त्याच्याबरोबर राहायचं होतं."

"बरोबर आहे. माझ्याबरोबर राहायचं कुणाला असतं!" बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. मग पोराचीच भाषा उसनी घेतली. "हे बघ पोरी. तू आठ, मी आठ. आपण रडून निघून जाणाऱ्या बायका नाही. आपण उभ्या राहून भांडतो. चल खाली, त्याचं डोकं फोडू. मी धरते, तू फोड."

आणि सून हसली. थंडीपासून पहिल्यांदा हसली. पण हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, मी आठबीठ काही नाही."

"म्हणजे?"

"लग्न होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. काउंटरवर बसले होते आणि त्याने फोन हातात दिला, हे प्रश्न सोडव म्हणाला. भांडण टाळता की भिडता? लोक काय म्हणतील याची भीती वाटते का? मला घाम फुटला. या घरात कुठलं उत्तर चालतं, मला काय ठाऊक? नापास झाले तर? समोर तुम्ही एका गिऱ्हाइकाला झापत होतात. कोटाचं बटण तुटल्याचा आळ घेत होता तो. मी म्हटलं, या घरात अशी बाई चालते. मग प्रत्येक प्रश्नाला मी तुमच्याकडे बघत गेले आणि उत्तरं देत गेले."

बाई तिच्याकडे वळून बसल्या.

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

"तो इतका खूश झाला होता! म्हणाला, आता मला तू कळलीस, आता माझी कधी चूक होणार नाही. कुठल्या तोंडाने सांगू?" तिने ब्लाउजची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "एक प्रश्न होता, दुःखात तुम्हाला कोणी जवळ लागतं का. तुम्ही गिऱ्हाइकांना नेहमी सांगता ना, नवरा गेला तेव्हा दाराला कडी लावून बसले, मला कुणाची गरज पडली नाही. ते आठवलं. 'एकटीला बरं वाटतं' असं लिहून टाकलं."

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. नवरा गेला तेव्हा त्या बसल्या होत्या त्याच बॉयलरच्या खोलीत. दार नुसतं लोटलेलं होतं. कडी लावलीच नव्हती. कोणाचं तरी पाऊल वाजेल म्हणून कान दाराशी लावून किती वेळ बसल्या होत्या, ते त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. पाऊल वाजलं नाही, तेव्हा कडीची गोष्ट रचली. रचलेली गोष्ट पुढे खपली इतकी छान, की त्यांची त्यांनाच खरी वाटायला लागली.

"त्या दिवशी," बाई खिडकीवरून नजर काढत म्हणाल्या, "दार लावलं त्याने, तेव्हा तुला..."

"मी त्याची वाट बघत होते, आई. कडी नव्हती लावली मी."

बाई उठल्या. गुडघे विसरून उठल्या. "गाडी आली तरी हलायचं नाही. त्याला वर पाठवते. नुसता येईल, हात हलवत येईल, तुझ्याजवळ बसेल. बसला तर राहशील?"

सुनेने हातातला ब्लाउज बॅगेत न टाकता मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "बसला तर बघू."

त्या 'बघू'ला पोटाशी धरून बाई जिना उतरल्या. आणि दुकानात येऊन, तोंडाला येईल तसं, सगळं त्याच्यासमोर ओतलं. काउंटर, कोट, गिऱ्हाईक, कडी, चादरी. पोराचा रंग उडत गेला. तो उठला तसं स्टूल मागे कलंडलं आणि रॅकवरचा एक शर्ट हँगरसकट खाली पडला.

"म्हणजे ती तेव्हा... मी आत जायला हवं होतं?"

"हो रे बाळा. हो."

त्याचे डोळे भरून आले. उशिरा का होईना, आले. बाईंनी मनातल्या मनात हात जोडले. तो जिन्याकडे धावला, आणि पहिल्या पायरीवर थबकला. मागे वळून काउंटरवरचा फोन उचलून घेतला.

"तो ठेव!" बाई ओरडल्या. "ठेव तो खाली! हात हलवत जा!"

पण सून जिन्याच्या वळणावर येऊन उभीच होती. बाहेर हॉर्न वाजला. पोराने रडवेल्या तोंडाने वर पाहिलं, अगदी मनापासून, जीव तोडून पाहिलं आणि म्हणाला,

"मग तुझा खरा नंबर कोणता गं? आपण परत करू परीक्षा. खरी उत्तरं दे या वेळी. पटकन होईल. एकदा नंबर कळला ना, की मी सगळं बरोबर करेन. शपथ!"

सुनेने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहान मुलाकडे बघावं तसं. मग वर जाऊन बॅग घेऊन आली आणि पायऱ्या उतरली. जाता जाता, सवयीने, पडलेला शर्ट उचलला, झटकला, हँगर सरळ करून रॅकला अडकवला. बाईंना वाकून नमस्कार केला आणि दाराबाहेर गेली. ज्या जिभेला सारा रस्ता भ्यायचा, ती टाळूला चिकटून बसली.

गाडीचं दार लागलं. गाडी कोपऱ्यावरून वळली. पोरगा अजून फोन धरून उभा होता, पडद्यावर पहिला प्रश्न तसाच उघडा.

"आई," तो म्हणाला, "मला खरंच कळत नाही गं. तू तरी सांग. कोण होती ती?"

बाईंनी पुढे होऊन त्याच्या हातातून फोन काढून घेतला, काउंटरवर पालथा घातला आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या,

"कोण होती ते तू विचारलंसच कधी? तीन वर्षं तू या डबीतल्या तुझ्या आईशी संसार केलास, गाढवा. आणि तीसुद्धा मी नव्हे."