प्लेट सरळ होती

छकुलीची मूठ सोडवायला मला जोर लावावा लागला. आत राखाडी, चपटा, कडांना फाटलेला तुकडा होता. शिशाचा छर्रा. तोंडात घातला होता का, हे माझ्या दीड वर्षाच्या पोरीला विचारून काय कळणार? तिचे हात तीनदा साबणाने धुतले, जीभ ओल्या फडक्याने पुसली, आणि तो तुकडा बशीत घेऊन बाहेर आले.

नणंद एअर रायफल पुसत बसली होती. तिच्या नेमबाजी क्लबच्या रेंजचं छप्पर उतरवलेलं, निवड चाचणी पाच आठवड्यांवर. आमच्या घरातला बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेबारा मीटर भरतो, दहा मीटरचा नेम त्यात बसतो, म्हणून बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, छर्रे अडवायला पेटी करून दिली होती. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. पेटी अशी की सांध्यात नख शिरणार नाही. आत मागच्या बाजूला जाड लोखंडी प्लेट.

"हा कुठे मिळाला?" नणंदेने विचारलं.

"हिच्या मुठीत. खोलीचं दार बंद होतं. दाराखालच्या फटीतून आत आलाय."

"असं कसं होईल, वहिनी? सगळे पेटीतच पडतात."

"मग हा काय चालत आला?"

बाबा उठले, काटकोन बघायचा गुण्या घेऊन पेटीजवळ गेले आणि त्याची एक भुजा तळाला, दुसरी प्लेटला लावून डोळा बारीक केला.

"प्लेट तर केसभरही हललेली नाही. सरळच आहे."

"म्हणूनच, बाबा," मी म्हणाले. "सरळ आहे म्हणूनच छर्रा समोर परत येतो."

हे मला आधीपासून ठाऊक होतं, हेच खरं दुखणं. पेटी बनत असताना मी वाचून एकदा म्हणालेही होते, की प्लेट वरून पुढे झुकलेली हवी, म्हणजे छर्रा आपटून खाली वळतो. बाबा हसले होते. "वाकडं काम आपल्या हातून होत नाही, सूनबाई." त्यावर मी तोंडात मिठाची गुळणी धरली. वडीलधारा माणूस, त्याचा धंदा, त्यात मी काय बोलू? सरावाच्या वेळी छकुलीला खोलीत ठेवून दार लावत राहिले, एवढंच.

पोटात शिसं गेलंय का हे बघायला डॉक्टरांनी छकुलीचं रक्त घेतलं. अहवाल यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस रायफल कपाटात कुलपात होती आणि किल्ली माझ्याकडे. नणंदेने ती एकदाही मागितली नाही. अहवालात काही निघालं नाही, तेव्हा ती माझ्याआधी रडली.

चौथ्या दिवशी बाबांनी पेटी उघडली.

"किती झुकवू?"

"काटकोनाच्या निम्मी. वरची कड पुढे."

त्यांनी पाचरी कापल्या. पहिली जोडी फुकट गेली. इतक्या वर्षांत त्यांना कापलेला तुकडा फेकून देताना मी पाहिलं नव्हतं. तळाला वाळूचा ट्रे ठेवला, फट राहिली तिथे जुनं जाड रबर ठोकलं. दाराखालची फट पट्टी मारून बुजवली. छकुलीला मी शेजारच्या काकूंकडे ठेवून आले.

मग बोळात भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी चादर अंथरली. नणंदेने आम्हा दोघांनाही डोळ्यांवर चष्मे लावायला लावले, आपल्या मागे उभं केलं आणि वीस छर्रे झाडले. मी गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात चादर बघत पुढे सरकले. पेटीजवळ दोन करडे ठिपके.

"दोनच तर आहेत," नणंद म्हणाली. "वहिनी, तुला मुंगी शिंकली तरी ऐकू येतं."

"ऐकू येऊ दे. दोन म्हणजे दोन."

बाबांनी पेटीच्या तोंडाला जाड कापडाचा पडदा टाचला, मधे फक्त कागदी लक्ष्याएवढी जागा ठेवून. शिशाची धूळ उडू नये म्हणून चादर न झटकता ओल्या कागदात गुंडाळून बाजूला केली आणि नवी अंथरली. पुन्हा वीस. या खेपेला चादर कोरी.

"झालं ना आता?" नणंदेने विचारलं. "वहिनी, दिवस जातायत माझे."

तिची पाच वर्षांची मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे. होय म्हणणं सोपं होतं.

"नाही. अजून शंभर. प्रत्येक विसाला चादर बघायची. एक जरी ठिपका सापडला तरी घरात सराव बंद, मग तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल."

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला.

"ती म्हणते तसं," ते म्हणाले. "मी बघायला बसतो. माझी नजर अजून शाबूत आहे."

नणंदेने रायफल खांद्याला लावली. विसावा छर्रा झाला, तिने रायफल उघडून रिकामी दाखवली, तेव्हा बाबा पेटीपाशी जाऊन भिंतीला धरून खाली बसले आणि चादरीच्या त्या टोकापासून माझ्या दिशेने, वीतवीत करत, तपासत येऊ लागले.