तिठ्यावरची भाजी

"कुठून खुडलीस गं ही?" दगडाबाईनं विचारलं, तेव्हा पहिला घास तिच्या तोंडात होता.

"तिठ्यावरून," तव्यावरची भाकरी उलटत तिची सून सुकन्या म्हणाली. "मोहरीचा पाला हाय, आत्या. गुडघ्याएवढी मोहरी आलीय तिथं. आमच्याकडं देवळाली प्रवऱ्याला गव्हाच्या बांधाला लावत्यात अन् भाजी करत्यात. वाफवून पिळली की कडूपना जातो. लसून तेवढा जास्ती लागतो."

दगडाबाईचा घास गालातच राहिला. पाथर्डीच्या या कोरड्या अंगाला मोहरी लागते ती फोडणीला आणि दृष्ट काढायला. तिचा पाला खातात हे कुणाला माहीतही नाही. वाडीतल्या पोरांच्या दृष्टी काढायच्या त्या दगडाबाईनंच. पोर दूध ओकायला लागलं, झोपेत किंचाळायला लागलं, की मीठमोहऱ्या मुठीत घ्यायच्या, अंगावरून ओवाळायच्या आणि तिठ्यावर टाकून यायच्या. टाकल्यावर मागं वळून बघायचं नाही. तिनं जन्मात कधी बघितलं नव्हतं, म्हणून तिथं काय उगवलंय हे तिलाच शेवटी कळलं. मीठ पडतं तिथं गवतही धरत नाही म्हणतात, आणि मोहरी म्हणे गुडघ्याएवढी!

सुकन्याच्या माहेरी दृष्टीच्या मोहऱ्या चुलीत टाकत. तिला बिचारीला काय ठाऊक? अख्खी वाडी ऊसतोडीला गेलेली, कुणाला विचारणार तरी! दोन खेपा उसाच्या फडातच तिचं पोट पडलं होतं. म्हणून यंदा आदिनाथनं बायकोला आईजवळ ठेवलं. पाचवा महिना चालू होता. हिरवं काहीतरी खावंसं वाटतंय, असं पोरगी कधीची म्हणत होती.

भाजी फेकावी, तर का म्हणून विचारील; खरं सांगावं, तर ही धास्तीनंच हाय खायची. आधीच झोपेत दचकून पोटावर हात ठेवते.

"तू चाखली का?"

"तुमच्या आधी कशी चाखू?"

दगडाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं कढई आपल्यापुढं ओढली आणि भाकरी मोडली.

भाजी झाली होती मात्र फक्कड. दगडाबाई घासामागून घास गिळत राहिली. सुकन्या रिकामी ताटली घेऊन समोर बसली होती.

"आत्या, मला जराशी..."

"लई दिसानं तोंडाला चव आलीय बघ. तू तुझ्यापुरतं पिठलं टाक."

सुकन्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लग्नाला तीन वर्षं झाली, सासू तिला कधी वावगा शब्द बोलली नव्हती. आणि आज भाजीच्या घासावरून ही तऱ्हा! दगडाबाईनं कढई भाकरीनं पुसून घेतली, त्यात पाणी ओतून तेही पिऊन टाकलं आणि उठून गोठ्यात गेली. बैल गाडीबरोबर कारखान्यावर गेले होते. रिकाम्या दावणीशी तिनं पोतं अंथरलं.

बाहेर रखरखीत दुपार होती. पहिला खोकला आला तो बारीक, लांब ओढलेला. गळा तिचा होता, खोकला तिचा नव्हता. तिनं तो लगेच ओळखला. हा गोरक्षाचा लहानपणीचा डांग्या खोकला, तिनंच ओवाळून तिठ्यावर टाकलेला. गोरक्ष आता दोन लेकरांचा बाप झालाय. मग तळवे पेटले. तो पूजाचा ताप. एकेक येत गेलं तसं ती ओळखत गेली. सगळ्यात शेवटी आलं ते एक कण्हणं, मांजराच्या पिलासारखं. छबूबाईची लेक. ओवाळूनही ती राहिली नव्हती, बारशाच्या आधीच गेली होती. दगडाबाईला दरदरून घाम फुटला. तरीही ती सरकली आणि पोत्यावर तिनं कुशीत जागा केली.

गोठ्याच्या दाराशी सुकन्या आली. राग कधीच ओसरला होता.

"आत्या, आत कोन रडतंय?"

"कोन न्हाई. तू आत येऊ नको. जेवलीस का?"

"जेवले."

"मंग पड जा जराशी."

पावलं घराकडं गेली. ती वाजेनाशी होईपर्यंत दगडाबाई ऐकत राहिली. मग ती कुशीवर वळली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हलकेच थोपटायला लागली.

"आता नीज," ती म्हणाली. "ऱ्हा माझ्यापाशी. तिच्याकडं जायाचं न्हाई."