मिरीची बदली

लंबूने खाण्याचं भांडं पुढ्यात ठेवलं, तशी मिरी उठली, भांड्याला वळसा घालून जाळीपाशी आली आणि मास्तरांकडे बघत बसून राहिली.

"तुम्ही जा," लंबू म्हणाला. "तुम्ही इथं, मग ती नाही खात."

मास्तरांना ते कळत होतं, पण पाय निघत नव्हता. शेवटी ते कुत्र्यांच्या खोल्यांमागे जाऊन येरझाऱ्या घालू लागले. भांडं सरकल्याचा आवाज येतो का, म्हणून कान तिकडेच लागलेले. आवाज काही आला नाही.

मास्तर शाळेतले मास्तर नव्हते. एका खासगी सुरक्षा कंपनीत ते कुत्रा सांभाळणारे गार्ड होते. सीमेवरच्या मालतळावर येणाऱ्या ट्रकांमध्ये कुठे स्फोटकं तर नाहीत ना, हे वासावरून शोधायचं काम त्यांच्या मिरीचं. काळीभोर लॅब्रॅडोर; पिल्लू असल्यापासून त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. तिला ते एकेक गोष्ट वर्गात शिकवावी तशी समजावून सांगत, म्हणून बाकीच्या गार्डांनी हे नाव पाडलं होतं.

सीमेच्या अलीकडे तपासलेला ट्रक पलीकडे गेला की तिथली कंपनी तो पुन्हा उघडून बघायची. ड्रायव्हर वैतागायचे, माल नासायचा. मग दोन्ही कंपन्यांनी मिळून ठरवलं की तपासणी एकदाच, पलीकडच्या मोठ्या तळावर करायची आणि माणसं, यंत्रं, कुत्री वाटून घ्यायची. मॅनेजर मॅडमनी मास्तरांना बोलावून सांगितलं की मिरीला तिकडे जावं लागेल. मास्तर म्हणाले, मग मीही जातो. मॅडमनी मान हलवली. पलीकडे गार्डचा परवाना फक्त तिथल्याच माणसाला मिळत होता. दोन आठवडे पाहुणा म्हणून राहून तिथल्या माणसाच्या हाती कुत्री सोपवायची, एवढंच त्यांना करता येणार होतं.

"मिरीचे कागद झालेत, मास्तर. तुमचे होणार नाहीत."

"म्हणजे सरकारच्या लेखी ती माझ्यापेक्षा भरवशाची," मास्तर म्हणाले. मॅडम हसल्या. मास्तरही हसले, पण घरी जाताना नेहमीचं वळण चुकले.

त्यांची बायको मिरीला सवत म्हणायची. बातमी ऐकल्यावर मात्र ती म्हणाली, नाही म्हणून सांगा. मास्तरांनी समजावलं की आपण नाही म्हटलं तरी तिला नेणारच. मग तिला शिकवायला कोण येईल, काठीने शिकवेल की काय, देव जाणे. त्यापेक्षा आपण गेलेलं बरं.

आणि आता इथे आल्यापासून मिरी अन्नाला तोंड लावत नव्हती. लंबूने हुकूम दिला की ती बसायची, पण नजर मास्तरांना शोधायची. मिरीचा हा नवा गार्ड लंबू ताडमाड उंच आणि अबोल माणूस होता. तरुणपणी सीमेच्या अलीकडे, मास्तरांच्या मुलखात गोदामात राबलेला, त्यामुळे मोडकंतोडकं बोलायचा. त्याची स्वतःची कुत्री आजाराने गेली होती. त्यानंतर त्याने दुसरी घेतली नव्हती, असं तळावरचा स्वयंपाकी म्हणाला.

पाहुण्यांच्या खोलीत मास्तरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जावं ते सुचत नसे. त्यातून कंपनीच्या साहेबांनी एक गोष्ट सांगून ठेवली होती. शेवटच्या दिवशी परीक्षा. कुत्री नव्या माणसाच्या हाताखाली नापास झाली, तर तिला परत पाठवायची. तिकडे आता तपासणीच उरली नव्हती. म्हणजे मिरी कामातून काढलेली कुत्री ठरली असती, आणि अशी कुत्री तिला सांभाळणारा गार्ड घरी नेऊ शकत होता.

घरी. हा विचार एकदा मनात शिरला तो निघेना. काही करायला नको होतं. परीक्षेच्या वेळी नुसतं तिच्यासमोर उभं राहिलं तरी पुरे होतं. अंगणात पडून राहिलेली मिरी त्यांना दिसू लागली. पण तिच्या सुट्टीचे दिवसही आठवले. काम नसलं की ती भिंती हुंगत फिरायची, बूट हुंगायची, आणि काहीच सापडत नाही म्हणून शेवटी दाराकडे तोंड करून विव्हळायची. अजून किती तरुण होती ती.

दुसऱ्या दिवशी मास्तर लांबूनच बघत राहिले. लंबू मिरीच्या खोलीत जमिनीवर बसला होता, तिच्याकडे पाठ करून. भांडं शेजारी होतं. तो तिला चुचकारत नव्हता, हाकही मारत नव्हता. स्वतःची पोळी खात होता. बऱ्याच वेळाने मिरी उठली, त्याचं कोपर हुंगलं आणि भांड्यात तोंड घातलं. लंबू जागचा हलला नाही. फक्त त्याचं चावणं थांबलं.

मास्तरांना बरं वाटायला हवं होतं.

परीक्षेला दोन्ही कंपन्यांचे साहेब आले. ट्रकांची रांग लावली होती आणि त्यातल्या एकात स्फोटकाचा नमुना लपवला होता. मिरी लंबूबरोबर चार ट्रक नीट चालली आणि मधेच थांबली. तिने मान वर केली. वारा मास्तरांकडून तिच्याकडे वाहत होता. साहेबांच्या घोळक्यातले मास्तर तिला सापडले आणि तिची शेपटी हलू लागली.

लंबूने पट्टा ओढला नाही. तो मिरीकडे नाही, मास्तरांकडे बघत होता. काही मागत नव्हता. नुसता बघत होता.

मास्तरांनी पाठ फिरवली. साहेबांना न सांगता ते फाटकाबाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेने, वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, चालत राहिले. मागे लंबूचा आवाज आला, "शोध, मिरी." मग काहीच ऐकू येईना. सापडलं की ती भुंकत नाही, नुसती बसते, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ते चालतच राहिले. खूप वेळाने मागून टाळ्या ऐकू आल्या.

त्याच दुपारी ते निघाले. मिरीला भेटले नाहीत. भेटले असते तर सगळ्यावर पाणी पडलं असतं. लंबू सीमेच्या फाटकापर्यंत आला. मास्तरांना बरंच सांगायचं होतं, पण ते एवढंच म्हणाले, "जमीन तापली की तिला ट्रकखाली धाडू नका. पाय भाजतात."

"माहीत आहे," लंबू म्हणाला. "माझी पण होती."

इकडे मास्तरांना एका कचेरीच्या दारावर नेमलं. येणाऱ्यांच्या पिशव्या उघडून बघायच्या आणि बंद करायच्या. काम सोपं होतं, तरी उभ्या उभ्या ते सारखे पाय बदलत. रस्त्याने चालताना डाव्या हाताला एक जागा रिकामी ठेवून चालत. बायकोच्या ते लक्षात आलं होतं. ती उजवीकडून चालू लागली.

उन्हाळा लागला. एका सुट्टीच्या दुपारी लंबूचा फोन आला. त्याने सांगितलं की मिरीने सकाळी एका ट्रकमध्ये खरंखुरं स्फोटक शोधून दिलं. तळ रिकामा केला, पोलीस आले, कुणाला काही झालं नाही. मोठे साहेब स्वतः येऊन तिच्या डोक्यावर हात फिरवून गेले.

"ती इथं आहे," तो म्हणाला. "मी फोन तिच्याजवळ धरतो. बोला."

फोनमधून धापा ऐकू आल्या. काम झाल्यावरच्या, जीभ बाहेर टाकून घेतलेल्या धापा. मास्तर उभेच राहिले.

"बोला की, अहो," बायको हळूच म्हणाली.

त्यांनी तोंड उघडलं. आवाज ओळखला की ती उठेल. दारं हुंगेल, ट्रकांमागे जाऊन बघेल, उद्या कामावर असताना मान वर करून थांबेल. मास्तरांनी ओठ मिटून घेतले आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरला. धापा हळूहळू शांत होत गेल्या. मग कुणीतरी तिला हाक मारली असावी. सिमेंटवर नखं वाजली आणि लांब गेली.

"बोललात ना?" लंबूने विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. "बोललो."