खालची पायरी

आमचा धंदा शवपेट्यांचा. एरवी लोक आमच्या दुकानावरून भरभर पाय उचलून जातात, आणि वेळ आली की आमच्याच दारात नाक पुसत उभे राहतात. मला त्याची कधी लाज वाटली नाही. आमच्या चर्चमधलं एकही माणूस आमच्या खांद्याशिवाय मातीत गेलेलं नाही. पेटी आमची, खांदेकरी आमच्याच घरचे, आणि त्यांचे पुढारी म्हणजे आमचे हे.

ह्यांची रीत वेगळी होती. रस्त्यावर हे सगळ्यांच्या मागे चालायचे. पण जिना आला की चामड्याचा पट्टा दोन्ही खांद्यांत अडकवून खालच्या बाजूला जायचे. जिन्यातून पेटी उतरवताना भार येतो तो खालच्यावर, वरचे दोघे नुसते कड्या धरून येतात. शिवाय खालच्याला उलटं चालावं लागतं, पायाखालची पायरीसुद्धा दिसत नाही.

मी एकदा म्हटलं, "अहो, पुढारी तुम्ही आणि हमालीही तुम्हीच?"

"प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला कुणी विचारलं होतं का असं?"

"पेत्रानं विचारलं होतं."

"मग पेत्राला मिळालं तेच उत्तर तुला. आत्ता नाही, पुढे कळेल," म्हणाले आणि पट्ट्याला तेल लावत बसले.

हे गेले आणि पुढाऱ्याची जागा रिकामी झाली. पाळकसाहेब म्हणाले, "नाव तुम्ही सांगा, रविवारी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू." नाव काय, ठरलेलंच होतं. माझा थोरला उंचापुरा, आवाज खणखणीत. काळा कोट घालून, टोपी छातीशी धरून पेटीपुढे चालायला लागला की रस्त्यावरची गर्दी आपसूक बाजूला व्हायची. माझा ऊर भरून यायचा, खोटं कशाला बोलू? पट्टा मात्र त्यानं कधी खांद्याला लावला नाही. ह्यांच्यामागे तो जावयानं उचलला, कुणी न सांगता. जावई अंगानं काडी, दिवसाकाठी चार शब्द बोलेल तर शपथ. सगळे त्याला घुम्याच म्हणायचे. मी लेकीला विचारलं होतं, "लग्न केलंस की भिंतीला कुंकू लावलंस?"

त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरचा खाटीक वारला. माणूस विकायचा त्याहून जास्त खायचा, पेटीला फळ्या जाड लावाव्या लागल्या. त्याची म्हातारी आई हट्टानं आधी खाली निघाली आणि दोन मजले उतरून वळणावर मटकन बसली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. वरून पेटी येताना दिसली. खाली पाठमोरा जावई, वर थोरला आणि धाकटा.

"दादा, जरा थांबू या," धाकटा म्हणाला. "ह्याला दम घेऊ दे."

"पाळकसाहेब खाली ताटकळलेत. लोक बघतायत. उचला पाय!"

आमच्या वरच्या वळणावर थोरल्याचं बोट कडी आणि कठड्याच्या मध्ये चेमटलं. "आई गं!" करून त्यानं कडी सोडली. धाकट्याला एकट्याला पेलवेना. पेटी घसरली.

जावयानं मान वळवून एकदा मागे पाहिलं. आम्ही दोघी त्याच्या पाठीशी होतो. खांदे झटकले असते तर पट्टा निघाला असता आणि तो भिंतीला चिकटून वाचला असता. त्यानं खांदे झटकले नाहीत. पेटी छातीवर घेतली आणि पाय रोवले. वाळकी फळी मोडताना होतो तसा आवाज आला. फळी मोडली नव्हती.

"मामी," तो म्हणाला, "आधी त्यांना उठवा."

मी म्हातारीला ओढत खालच्या मजल्यावर नेलं. मग तो गुडघ्यावर आला.

दवाखान्यात लेक त्याच्या उशाशी होती. बाहेर बाकावर थोरला बोटावर फुंकर घालत बसला होता. "पट्टा सोडायचा ना," तो म्हणाला, "एवढी अक्कल नको?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. नाक ह्यांचं, कपाळ ह्यांचं.

जावयाला शनिवार काही दिसला नाही, शुक्रवारी रात्रीच तो गेला.

आमचं घर दुकानाच्या वर आहे, जिना तसाच अरुंद. शनिवारी त्याची पेटी वरच्या दारात आणून ठेवली. थोरला कोट घालून, टोपी छातीशी धरून पुढे झाला. त्याला वाटलं, नेहमीसारखं.

मी म्हटलं, "टोपी ठेव. पट्टा घे आणि खाली जा."

"आई, माझा हात बघतेस ना?" त्यानं बोटाची चिंधी दाखवली.

"पट्टा खांद्यांना लागतो, बोटांना नाही."

"आज नको. रस्त्यावर पुढे कोणीतरी पाहिजे ना?"

"रस्ता अजून लांब आहे. आधी जिना."

त्यानं जिन्याकडे पाहिलं, विहिरीत डोकावावं तसं. धाकटा म्हणाला, "मी जातो," पण दोन पावलांतच त्यानं भिंतीचा आधार घेतला. परवापासून बिचाऱ्याच्या पोटात अन्न नव्हतं.

लेक नवऱ्याच्या पेटीपाशी बसली होती. ती उठली. खुंटीवरचा पट्टा काढला, पदर खोचला.

"दादा, सरक."

"अगं, बायका कधी..."

"सरक म्हटलं ना. वर जाऊन कडी धर. ह्या खेपेला सोडू नकोस."

मी तिला अडवायला हवं होतं, असं शेजारणी अजून म्हणतात. म्हणोत. मी पट्ट्याचं बक्कल तिच्या पाठीशी घट्ट लावलं आणि तिच्याआधी जिना उतरून खालच्या दारात पाळकसाहेबांच्या शेजारी उभी राहिले.

वरून तिचा आवाज येत होता. "एक पायरी. थांबा. आता एक." माझा उंचापुरा थोरला ती सांगेल तेव्हा पाऊल उचलत होता, ती सांगेल तेव्हा थांबत होता. वळणावर ती जरा जास्तच थांबली. कुणी घाई केली नाही.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "उद्याची प्रार्थना पुढे ढकलू या का?"

"कशाला? उद्याच करा."

"मग नाव कुणाचं घेऊ?"

"उलटी चालत येतेय, तिचं."

तिला ते ऐकू गेलं नाही. ती पायानं पुढची पायरी चाचपत होती.